ओलेटाच्या लांब बाह्या

भर जुलैच्या उन्हाळ्यात लांब बाह्या घालून फिरणारी अख्ख्या गावात एकच बाई, ओलेटा. तिचा भाऊ व्हर्जिल तर चर्चच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गं, बर्फाची वाट बघतेस का?" ओलेटा हसली आणि मक्याच्या पावाचं ताट पुढं सरकवत राहिली. सांगणार काय, कपाळ!

त्यात घरात तिची लेक शेल्बी. सरकारी कॉलेजात रक्त काढण्याचा कोर्स करणारी ही पोरगी भेटेल त्याच्या कोपराच्या खळगीत बोट खुपसायची. कोर्सच्या बाईंनी बजावलंच होतं, सुई घरी न्यायची नाही, पण डोळे मिटून शिरा चाचपा, बोटाला ओळख पटली पाहिजे. व्हर्जिलमामा झाला, पोस्टमन झाला, पाद्र्याची बायको झाली. राहिली फक्त आई. "मला गुदगुल्या होतात," म्हणत ओलेटा दर वेळी निसटायची.

कोर्स निवडताना दोघी स्वयंपाकघरात हिशेब मांडून बसल्या होत्या. नर्सिंगला पगार चांगला, पण डोक्यावर मोठं कर्ज. रक्त काढायचं काही महिन्यांत शिकता येतं, फी थोडी, पण पगार दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोरींपेक्षा जेमतेम वर. "कर्ज काढू गं, सगळेच काढतात," शेल्बी म्हणाली. तरुणपणी ओलेटानंही कर्ज काढून दवाखान्याची बिलं करायचा कोर्स धरला होता. ती खासगी शाळा मध्येच बंद पडली. कर्ज काही बंद पडलं नाही, अजून पगारातून कापलं जातं.

"कर्ज नाही म्हणजे नाही," तिनं ठणकावलं. "छोटा कोर्स कर. हप्ते मी भरते. ओव्हरटाइम मिळतोय मला."

कुठला आलाय ओव्हरटाइम! वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत उलट तिचे तास कमी केले होते. ती जायची हायवेवरच्या सेंटरात, आठवड्यातून दोनदा. तिथं खाटेवर पडायचं. ते रक्त काढून घेतात, त्यातला प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर पाणी, औषधांसाठी ठेवतात, उरलेलं परत अंगात सोडतात आणि पैसे देतात. निम्मं गाव तिथं पडलेलं असतं आणि कुणी कुणाला ओळख दाखवत नाही.

आणि आज शेल्बी नाचतच घरात शिरली. "आई! लागली नोकरी! दवाखान्यापेक्षा जास्त पगार!"

"कुठं गं?"

"हायवेवरच्या प्लाझ्मा सेंटरात. शेवटचा हप्ता भरला की कॉलेज सर्टिफिकेट देणार, ते दाखवलं की लगेच रुजू. वर्गात बिनकर्जाची मी एकटीच आहे, माहितीये? तुझ्या ओव्हरटाइमची कमाल!"

ओलेटाला हसू आणताना जबडा दुखला. तो शेवटचा हप्ता अजून त्याच सेंटरातून यायचा होता.

"आता तरी हात दे," शेल्बी म्हणाली. नको नको म्हणेपर्यंत तिनं बाही वर सारली, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. बोट एकदम थांबलं. मग तिनं दुसरा हात ओढून घेतला. तिथंही तोच खड्डा, घट्ट, गाठीसारखा. एकाच जागी पुन्हा पुन्हा सुई गेली की असा खड्डा पडतो, हे तिला याच कोर्सानं शिकवलं होतं.

तिनं डोळे उघडलेच नाहीत. "कधीपासून?"

"तू कोर्सला नाव घातलंस तेव्हापासून. अगं, दुखत नाही. पडून टीव्ही बघायचा. तू लाग तिथं, फक्त मंगळवारी-शुक्रवारी पाळी घेऊ नकोस. हप्ता फिटला की मी यायची बंद."

"आई, गप्प बस!" शेल्बी ओरडली आणि आईच्याच मांडीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. रडता रडताच म्हणाली, "नव्या माणसाला पहिल्या काही वेळा दुप्पट देतात तिथं. मी जाते. रुजू व्हायच्या आत हप्ता फिटेल. तू नाही जायचंस."

"खबरदार!" ओलेटा कडाडली. "तुझ्या हाताला हे लागू नये म्हणून तर..." मग तिनं व्हर्जिलकडून उसने घ्यायचं काढलं, गाडी विकायचं काढलं. पण व्हर्जिल स्वतःच नुकताच मंगळवारी तिच्या पलीकडच्या खाटेवर यायला लागला होता, आणि गाडीशिवाय नोकरीवर जाणार कशी? पोर हट्टाला पेटली होती, आणि हिशेब तिच्या बाजूनं होता.

सकाळी ओलेटानं अंडी उकडली. "दोन तरी खा. आधी रक्त तपासतात, ताकद कमी भरली तर परत पाठवतात. पाणी भरपूर पी. आणि सुई टोचताना तिकडं बघू नकोस."

"आई, मी सुया टोचायलाच शिकलेय."

"दुसऱ्याला, बाई. दुसऱ्याला."

शेल्बीनं अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. निघताना ओलेटानं तिचा हात धरला, डोळे मिटले आणि कोपराच्या खळगीतून बोट फिरवलं. कातडी मऊ होती, लहानपणी न्हाऊ घालताना लागायची तशीच. ती तिथंच बोट ठेवून उभी राहिली. शेवटी शेल्बीनंच हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "सोड ना गं, उशीर होतोय."