कोऱ्या जागा

"मागचाच आकडा पुढे ओढ ना! त्यात काय एवढं?" साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "चार कोऱ्या जागा भरायला इतका वेळ?"

"सर, त्या कोऱ्या आहेत, कारण तिथे काही आलंच नाही."

"म्हणून तर भर म्हणतोय. आलं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे खुसखुसले. ती हसली नाही. स्क्रीनवर कंपनीच्या शीतगृहांचा तक्ता होता, एकेका खोलीचं तासातासाचं तापमान. सात नंबरच्या खोलीसमोर रात्रीच्या रकान्यांत नुसता पांढरा पट्टा होता. तान्ह्या मुलांच्या लसी त्याच खोलीत होत्या.

सगळ्या शीतगृहांतून आलेले आकडे रोज उचलायचे, धान्य निवडावं तसे निवडायचे, एका मापात आणायचे आणि कंपनीच्या डेटा वेअरहाऊसमध्ये, आकड्यांच्या गोदामात, भरून ठेवायचे, हे तिचं काम. कुठल्या खोलीचं यंत्र फॅरेनहाइटमध्ये बोलतं, कुठलं तारीख उलटी लिहितं, हे तिला नणंदांच्या स्वभावांसारखं पाठ होतं. सासूबाई मात्र सगळ्यांना सांगायच्या, "सून गोदामात असते," आणि ऐकणारे तिच्या काडीसारख्या दंडांकडे बघत राहायचे.

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघ, बारा वाजता त्या लसवाल्या कंपनीची तपासनीस बाई येतेय. हे पांढरं दिसलं की खोदून विचारणार. अगं, सेन्सर बंद पडला होता, खोली नाही! आधी चार अंश, नंतर चार अंश. मधे काय वणवा पेटला असेल?"

"चारच असेल, कदाचित."

"झालं तर मग!"

"पण 'कदाचित' भरायला रकाना नाही, सर."

 साहेबांनी हलक्या हाताने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस, तेव्हा वरचे म्हणत होते, ही परत येते कशावरून? तुझी खुर्ची मी राखली. आता माझी लाज राखायची की नाही, तूच ठरव."

 खुर्ची गेली तर पाळणाघर गेलं, आणि "तरी मी म्हणत होते" हे सासूबाईंचं वाक्य आयुष्यभर मुक्कामाला आलं. ती मुळात घाबरट. गॅस बंद केलाय ना, हे बघायला जिन्यातून परत फिरणारी. बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. नवरा हसायचा, "अगं, झोपलाय तो! सारखं काय तपासतेस?" आवाज येत नाही म्हणजे झोपलाय, असं धरून चालणं तिला कधी जमलंच नव्हतं. आणि इथे अख्खी खोली चार तास गप्प होती. ती ठीकच होती असं धरायचं, तेही दुसऱ्यांच्या लेकरांच्या जिवावर?

"मी नाही भरणार," ती म्हणाली. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. खुसखुस थांबली. "तुम्हाला भरायचं असेल तर तुमच्या नावाने भरा."

साहेबांनी कीबोर्डकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही.

"मग त्या बाईसमोर तूच उभी राहा," ते म्हणाले. "बघू काय दिवे लावतेस."

बारा वाजता ती उभी राहिली. तपासनीस बाई पन्नाशीची, कमी बोलणारी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाईने पांढऱ्या पट्ट्याकडे पेन रोखलं. "हे काय? शून्य आहे का?"

"नाही. शून्य असतं तर लसी गोठल्या असत्या. इथे काय होतं ते आम्हाला माहीत नाही."

साहेब खाकरले. "किरकोळ तांत्रिक अडचण हो, मॅडम."

"किरकोळ की मोठी, तेही माहीत नाही," ती म्हणाली.  तिची जीभ आज ऐकायला तयार नव्हती.

बाईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "सात नंबरमधला माल हलवायचा नाही. आमची तपासणी होईपर्यंत एक डबासुद्धा नाही."

पाहुणीला लिफ्टपर्यंत सोडून साहेब तरातरा परत आले. "झालं समाधान? कापलंस ना नाक? उद्यापासून वेअरहाऊसला हात लावायचा नाही. पावत्यांच्या विभागात बसायचं."

"लेखी द्या, सर."

"काय?"

"बदलीचं पत्र. कारण खरं असेल तेच लिहा. लिहवत नसेल तर ती जागा कोरी सोडा. उगाच काहीतरी भरू नका."

शेजारच्या टेबलावर कुणाला तरी ठसका लागला. साहेबांनी तिकडे नुसतं पाहिलं आणि निघून गेले. ती जागेवर येऊन बसली, तर वेअरहाऊस तिचा पासवर्ड घेईना. पुन्हा टाकला. घेईना. तिने माउस सरळ करून ठेवला.

ऑफिस सुटताना ती चहाच्या खोलीत गेली. सकाळी बाळासाठी काढून ठेवलेल्या दुधाची बाटली फ्रिजमध्ये होती. दार उघडलं, पण तोंडावर गारवा आला नाही.

"मावशी, फ्रिज बंद होता का?"

चहावाल्या मावशी कप विसळत होत्या. "अगं, पाहुण्यांच्या कॉफीच्या यंत्राला पिन नको का? तेव्हा फ्रिजची काढली होती. लावली की मग परत."

"केव्हा लावलीत?"

"लावली गं मघाशी. बंद असेल पाच-दहा मिनिटं. दुधाला काही होत नाही त्यानं."

तिने बाटली गालाला लावून पाहिली. गार म्हणावी तर गार नव्हती, कोमट म्हणावी तर कोमटही नव्हती. तिने झाकण उघडलं.

"अगं ए, अंगावरचं दूध ते! ओततेस काय वेड्यासारखी?"

 मोरीत पांढरी धार सरळ पडत राहिली. मग तिने बाटली घासली, खळखळून विसळली, ओट्यावर पालथी घातली, आणि शेवटचं पाणी निथळेपर्यंत तिथेच उभी राहिली.