तिसरा चेंडू

आमच्या ह्यांच्या, म्हणजे मुरलीधरांच्या, बायपासची तारीख संक्रांतीनंतरची ठरली आणि डॉक्टरांनी आधी त्यांच्या फुफ्फुसांना कामाला लावलं. फिजिओथेरपिस्ट स्वानंदी घरी येऊन प्लॅस्टिकचं एक यंत्र देऊन गेली. तीन कप्पे, तीन चेंडू, एक नळी. नळीतून श्वास जोरात आत ओढला की चेंडू वर चढायचे. "काका, फूंकना नहीं, खींचना है," असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. छातीशी उशी धरून खोकायला शिकवलं. आणि मला बजावलं, "काकू, हे टूथब्रशसारखं समजा. दुसऱ्या कोणाच्या तोंडाला लागू द्यायचं नाही."

पण आजारी माणसाला भेटून आल्याशिवाय आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळींना अन्न गोड लागत नाही. त्यात संक्रांत. तिळगुळाचे डबे घेऊन माणसं येत राहिली. ह्यांचे धाकटे भाऊ दिवाकर तर ओमतीहून रोजच यायचे. त्या दिवशी नाक ओढत आले, आणि बैठकीत सगळ्यांसमोर ह्यांना चिडवायला लागले, "दादा, दोनच चेंडू? फॅक्टरीत तोफा बनवून राहिला होतास ना?" नळी बाहीला पुसली आणि एका दमात तिन्ही चेंडू वर नेले. टाळ्या पडल्या. मग ह्यांनी तीच नळी घेतली आणि इरेला पेटून ओढली. तिसरा चेंडू टिचभर उचलला गेला. हे खळखळून हसले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. सगळं पाहिलं. बोलले नाही, कारण ते हसणं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांत ह्यांना ताप आला, छातीत कफ भरला. ऑपरेशन पुढे ढकललं. दिवाकर भाऊजी विचारपूस करायला आले, तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"भाऊजी, भावाचा जीव घ्यायला येऊन राहिले का तुम्ही? वाहत्या नाकाने नळी तोंडात घातली! पुन्हा या दारात पाऊल ठेवू नका."

ते "हो वहिनी" एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या विजय नगरला ठाऊक आहे, पण त्या दिवशी कोणीतरी मला आवरायला हवं होतं. मी स्वतः गप्प उभी होते, ते मात्र मी कोणालाच सांगितलं नाही.

ताप उतरला. हे रोज सकाळी गॅलरीत उन्हाला बसून यंत्र ओढू लागले. दोन चेंडू वर जायचे, तिसरा तळाशी थरथरायचा.

"दिवाकर काहून नाही येऊन राहिला?"

"सर्दी आहे त्यांना," मी म्हणायची. ती सर्दी मी चांगली लांबवली.

ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र मला राहवेना. मी फोन केला.

"वहिनी, मी येतो ना रोज," भाऊजी म्हणाले. "समोरच्या चहाच्या टपरीवर बसतो. दादा दिसतो तिथून. चेंडू काही दिसत नाहीत."

"मग वर या ना भाऊजी! माझं चुकलं. आत्ता या."

"नको. सर्दी गेली, पण तुम्ही म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही. ऑपरेशन होऊ द्या. मग येतो." मी रडले, हातापाया पडले. ते काही आले नाहीत.

सकाळी आमच्या सौमित्रने वडिलांना हाताला धरून खाली आणलं. समोर टपरीपाशी भाऊजी उभे होते, नाकातोंडावर मफलर गच्च बांधून. हे गाडीच्या दाराशी थांबले. भाऊजींनी तिथूनच तीन बोटं वर केली आणि मानेनेच विचारलं, गेला का?

ह्यांनी तीन बोटं ताठ वर केली. भाऊजींनी मफलर सोडला आणि दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं.

तिसरा चेंडू त्या सकाळीही तळाशीच होता.

गाडी निघाली. खोकायची उशी मांडीवर घेऊन ह्यांनी मागे वळून टपरीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "नंदा, तो तिथे बसतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू बोलावशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो."