डोक्यावरची रिकामी जागा

"ओळख पाहू, आज डोक्यात काय आहे?"

बाबा दारातच उकिडवे बसत आणि मला विचारत.

"डोक्यात काही नाही, म्हणून तर वर भरावं लागतं!" आई आतूनच म्हणायची. हेही रोजचं ठरलेलं.

मग बाबा पिवळं हेल्मेट काढून माझ्यापुढे उलटं धरायचे. त्यात पट्ट्यांची जाळी असायची आणि जाळीपलीकडच्या पोकळीत काहीतरी दडवलेलं असायचं. कधी कबुतराचं पीस, कधी वायरीची अंगठी, कधी नुसतं पेपरमिंट. बाबा बांधकामांवर परांच्या बांधायचे. आपलं पेपरमिंट दिवसभर एवढ्या उंचावर हिंडून आलं, याचं मला कोण अप्रूप!

आई हेल्मेटच्या कारखान्यात होती. टोपात ती जाळी बसवायची. पट्ट्या दाबून दाबून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. बाबांच्या साइटवरची हेल्मेटंही तिच्याच हातांखालून गेलेली. एकदा कारखान्यात सगळ्या बायकांना चाचणीच्या खोलीत नेऊन, लोखंडी डोक्यावर हेल्मेट चढवून वरून वजन कसं सोडतात ते दाखवलं. त्या दिवशी  जेवताना आई बाबांच्या डोक्याकडेच बघत होती.

सुट्टीच्या दिवशी तिने रंग बिघडलेली दोन हेल्मेटं मागून आणली. अंगणात दोन जुने माठ पालथे घातले आणि त्यांवर ती ठेवली.

"अहो, गच्चीवर जा आणि हा पाना सोडा."

"मडकी फोडायला मला वर चढवतेस होय?"

"आधी सोडा तर खरं."

पहिल्या हेल्मेटवर पाना आदळून उडाला. माठ शाबूत. दुसऱ्याच्या पोकळीत आईने पेपरमिंटची चपटी डबी सरकवली. आदल्याच दिवशी बाबांनी माझ्यासाठी डोक्यावरून आणलेली. या वेळी हेल्मेटखालच्या माठाच्या खापऱ्या झाल्या.

बाबा खाली आले. आई म्हणाली, "धक्का त्या मोकळ्या जागेत जिरतो. जागा भरली की तो थेट डोक्यात जातो. कधी कधी कवटीला साधी चीरही पडत नाही, आतला मेंदू तेवढा हादरतो. माणूस वाचतो आणि घरच्यांना ओळखत नाही, असं कारखान्यात म्हणाले." तिने पोकळीतली डबी काढून घेतली. "ती जागा माझी आहे. तिथं काही ठेवायचं नाही."

बाबा खाली बसून खापऱ्या वेचत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून खाऊ खिशातून यायला लागला. खिशातल्या पेपरमिंटला कसली आलीय चव? आईने माझा खेळ मोडला म्हणून मी तिच्यावर जी फुगून बसले, ती बसलेच. आई मात्र रोज सकाळी बाबांना दारात अडवून हेल्मेट उलटं करायची, जाळीतून अंगठा फिरवायची आणि मगच त्यांना सोडायची. बाबा सैनिकासारखे ताठ उभे राहून मला डोळा मारायचे. मी हसायची नाही.

मग एका दुपारी वरच्या मजल्यावरून परांचीचा लोखंडी क्लॅम्प सुटला, तो बाबांच्या डोक्यावर.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तडकलेलं हेल्मेट खाटेखाली पडलं होतं. बाबांची मान आखडली होती आणि ते छताकडे बघत होते. आईने डॉक्टरांना काही विचारलं नाही. थेट खाटेशी गेली.

"अहो, मी कोण?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. आईचा चेहरा पांढराफटक पडला. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला होता; बाबा, बोला, एवढंच मी मनात म्हणत होते.

"जागेची मालकीण," बाबा म्हणाले.

आई हसली, आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली.

एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालत नाहीत. बाबांना नवं मिळालं, तडकलेलं आईने दारामागच्या खिळ्याला टांगलं. त्यात आता कुणाचंही डोकं जाणार नव्हतं, तरी मी एकदा रिबीन ठेवली तर आई केवढी ओरडली! ती जागा तिने रिकामीच ठेवली.

बाबा म्हातारे होऊन गेले. शेवटपर्यंत सगळ्यांना ओळखत होते, थट्टा करत होते. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली, तशी मीही माझ्या घरी निघाले. पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या. इतक्यात आई पुढे आली. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ती उंबऱ्याशी उकिडवी बसली. तिच्या हातात ते तडकलेलं हेल्मेट होतं.

"ओळख पाहू," ती म्हणाली, "आज डोक्यात काय आहे?"

पुढचं ठरलेलं वाक्य बोलायला आत कुणी नव्हतं. मी जाळीत हात घातला. बोटांना पेपरमिंट लागलं.