शेळ्यांना न पटलेला गुडघा

"अगं, मीच आहे तो! थोबाड तरी बघ माझं!" म्हातारा शेळ्यांच्या वाड्याच्या फाटकात उभा राहून कानतुटीची समजूत घालत होता.

कानतुटी म्हणजे त्याच्या अठरा शेळ्यांची म्होरकी. तिनं थोबाड बघितलं, रवंथ केलं, आणि तपासणीला आलेल्या साहेबाकडे बघावं तसं आणखी एकदा बघितलं. ती हलली नाही म्हणून उरलेल्या सतराही हलल्या नाहीत.

खरं तर तिचा काही दोष नव्हता. अकरा वर्षं म्हातारा उजवा पाय फरफटत पुढं चालायचा आणि त्या आवाजामागं कळप जायचा. ठप्प, फर्रर्र. ठप्प, फर्रर्र. धुकं असो, वारा असो, एक शेळी कधी चुकली नाही. सात आठवड्यांपूर्वी शहरातल्या डॉक्टरांनी तो गुडघा काढून नवा बसवला. आता दोन्ही पाय सारखे पडत होते, ठप्प, ठप्प, आणि हा कोण सोम्यागोम्या आपल्याला टेकडीवर न्यायला आलाय, असं शेळ्यांचं स्वच्छ मत पडलं होतं.

ओसरीवर पाय चोळत बसलेली म्हातारी म्हणाली, "कडब्याची गंजी तळाला गेलीय. महिनाअखेर कळप रानात गेला नाही, तर मी व्यापाऱ्याला बोलावणार. विळा घेऊन पाला तोडत हिंडायला माझे गुडघे काही लोखंडाचे नाहीत. लोखंडाचा तुमचा आहे."

म्हाताऱ्याला शेळ्या विकायच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं सरळ लंगडायला सुरुवात केली. नवा कोरा पाय धुळीतून ओढला. कानतुटीनं उरलेला एक कान टवकारला, आणि सगळा कळप सुरसुर त्याच्या मागं निघाला. चार दिवस म्हातारा असा मजेत लंगडला.

पाचव्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी व्यायाम करून घेणारी बाई स्कूटरवरून यायची. त्या दिवशी ती लवकर आली आणि टेकडीच्या पायथ्याशीच तिला हे दृश्य दिसलं. तिनं स्कूटर तिथंच सोडली.

"काका! काय झालं हो पायाला? मागच्या वेळी किती छान चालत होता!"

"ते तुमच्यासाठी. हे शेळ्यांसाठी."

सगळं ऐकून बाई दगडावर बसली. "टाच मागं ओढायचा व्यायाम करता ना रोज? पाय ताठ करून दहा आकडे?"

"पलंगावर सगळं करतो. घड्याळ लावून."

"आणि इथं येऊन सगळं पुसून टाकता! पायाला हीच सवय लागेल, मग कंबर धरेल. आधी टाच, मग चवडा. लंगडणं आजपासून बंद!"

"मग शेळ्या विकू?"

बाईच्या अभ्यासक्रमात शेळ्यांचं प्रकरण नव्हतं. ती स्कूटर आणायला उठली.

घरी म्हातारीनं हे सगळं ऐकून घेतलं. सकाळी तिनं डोक्याला फडकं बांधलं, फाटक उघडलं आणि चालायला लागली. ठप्प, फर्रर्र. तिचा डावा गुडघा तीन वर्षांपासून गेला होता. 'आधी तुमचं होऊ दे' म्हणून तिनं तो विषय बाजूला ठेवला होता, आणि म्हाताऱ्यानंही तो सोयीस्करपणे तिथंच राहू दिला होता.

शेळ्या मुकाट तिच्या मागं निघाल्या.

"बघत काय उभे राहिलात? बाजूनं चला माझ्या. आधी टाच!"

"दुखत नाही का गं तुला?"

"दुखतंय की. म्हणून लवकर शिकवा त्यांना तुमचं पाऊल. आणि आपटू नका, परेड नाही ही."

रोज थोडं अंतर गेलं की म्हातारी बसायची आणि तो एकटाच पुढं जायचा. पहिल्या दिवशी अठराच्या अठरा शेळ्या तिच्याभोवती बसल्या. चौथ्या दिवशी एक अर्धवट वयाचं करडू त्याच्या मागं दहा पावलं गेलं आणि लाजून परत आलं. महिना संपायला तीन दिवस उरले तरी कानतुटी जागची हलली नव्हती.

त्या दिवशी वळणावर म्हातारी बसली. म्हातारा पुढं निघाला. मागं वळायचं नाही, पायाकडं बघायचं नाही, पावलं मोजायची, असं बाईनं बजावलं होतं. एक, दोन, तीन. मागं काहीच आवाज नव्हता. कानतुटी दोघांच्या मधोमध उभी होती. म्हातारीनं पायसुद्धा हलवला नाही, श्वासही रोखून धरला.

चौदा, पंधरा. मग खडीवर खुरं वाजली. आधी चार, मग मोजता येणार नाहीत इतकी.

शेवटचं करडू आपल्या समोरून जाईपर्यंत म्हातारी दम धरून होती. मग दगडावरूनच ओरडली, "अहो! बाईला फोन करा! त्या डॉक्टरांची तारीख घ्या म्हणावं!"

"कुणासाठी?"

"कानतुटीसाठी! कुणासाठी म्हणे! माझ्यासाठी!"

म्हाताऱ्यानं मागं न बघता हात उंच केला. तेवढ्यात त्याचा आकडा चुकला. मग त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.