बारावं बटण

आमच्या क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भिंतीवरचा सगळ्यात जुना विक्रम माझा, म्हणून. एकोणचाळीस वर्षं झाली, मी त्या भिंतीकडे मान वर करून बघत नाही. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

कारण तो विक्रम खोटा आहे. शर्यत बारा फेऱ्यांची, आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजवायचं काम पहिल्यापासून आमच्या घराकडे. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी. डाव्या खिशात बारा बटणं ठेवायचे, फेरी झाली की एक उजव्या खिशात. डावीकडे एकच उरलं की घंटा. त्यांच्या मोजणीवर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. पण जगाचे कपडे शिवणाऱ्या माणसाचा स्वतःचा खिसा फाटका. एक बटण गळालं आणि घंटा एक फेरी आधी वाजली. मी मनात मोजत होते. धापा टाकत म्हटलं, "अण्णा, एक फेरी राहिली."

"हात वर कर," अण्णा म्हणाले. "लोक बघतायत."

वर केलेला तो हात मला अजून खाली घेता आलेला नाही.

आता माझी भाची त्या विक्रमाच्या मागे लागली आहे. चार वर्षं पहाटे उठून धावते. घरात सांगून टाकलंय, या रविवारी मोडला नाही तर बूट कायमचे माळ्यावर. माझा जीव तुटत होता. म्हटलं, खरं काय ते लिहून टाकावं, पोरगीही सुटेल आणि मीही.

लिहिलेलं पान अध्यक्षीणबाईंना दाखवलं. त्या शर्यतीत बाई दुसऱ्या आल्या होत्या. त्यांनी शांतपणे वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं. अकरा फेऱ्या आपण सगळ्याच धावलो, म्हणाल्या, आणि त्या घंटेवर तुझ्या अण्णांचं नाव कोरलंय, ते कसं पुसणार? मग चहा मागवला. संपला विषय.

रविवारी घंटेपाशी मी होते. खिसा आदल्या दिवशीच दुहेरी टीप मारून घेतला होता. दहावी फेरी झाली तेव्हाच घड्याळाने सांगितलं, जमणार नाही. कसं जमेल? बारा फेऱ्या धावून अकरा फेऱ्यांना हरवायचं म्हणजे काय खायचं काम आहे का! ती माझ्यासमोरून गेली, चेहरा पांढराफटक. डाव्या खिशात दोन बटणं होती. बोटांनी पुन्हा चाचपली, दोनच.

हात आपोआप गेला असं म्हणणार नाही. मी समजून उमजून घंटा वाजवली.

विक्रम मोडला. टाळ्यांनी मैदान दणाणलं. भाची धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी हळूच म्हणाली, "आत्या, एक फेरी राहिली."

मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"हात वर कर," म्हटलं. "लोक बघतायत."