काना की वेलांटी

जिना चढताना साहेबांना धाप लागली, आणि धाप लागल्याचीच लाज वाटली. वर जो बसला होता, त्याच्या छातीत एवढ्या धापेपुरतीही हवा उरली नव्हती.

दार भोंग्याच्या लेकीने उघडलं. "या काका! बाबा, साहेब आलेत. आता तरी मला ओरडायचं थांबवा."

"ओरडतो कुठं?" भोंग्या आतून म्हणाला. "कुजबुजतो. तिला सवय नाही."

अग्निशमन दलात होता तेव्हा त्याचा आवाज असा, की बंबाचा भोंगा बिघडला तर ह्याला टपावर बसवा, म्हणायचे सगळे. आता नाकात नळी, उशाशी घुरघुरणारं यंत्र, आणि एकेका वाक्याला दोन विसावे.

लेक उद्यापासून त्याच दलात शिकायला जाणार होती. नव्या तुकडीपुढे बोलायला निवृत्त साहेबांनाच बोलावणं होतं. टीव्हीचा रिमोट वॉकीटॉकीसारखा तोंडाशी धरून ती खोलीभर फिरत होती.

"खोली रिकामी आहे. बाहेर येतेय."

"आणि हवा संपली तर?"

"माझा सिलिंडर रिकामा आहे. मदत पाठवा."

"हां. बापासारखं अर्धं गिळायचं नाही. 'भोंग्याचं रिकामं' म्हणून धडाच आहे तिथं. बापाच्या धड्यात नापास झालीस, तर जेवायला मिळणार नाही."

ती खळखळून हसली. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

कापडाच्या गोदामाची आग होती ती. भोंग्या आत माणसं शोधत होता, साहेब रस्त्यावरून हुकूम सोडत होते. वॉकीटॉकीवर एकच शब्द आला. साहेबांनी तो 'रिकामी' असा धरला: खोलीत कुणी नाही, गडी परत फिरला. त्यांनी सगळी माणसं, सगळं पाणी शेजारच्या इमारतीकडे वळवलं. भोंग्या पाठीवरचा संपलेला सिलिंडर घेऊन धुराचे घोट गिळत आतच पडून राहिला. चौकशीत ठरलं, मुखवट्यातून बोलताना त्याने शेवटचं अक्षर खाल्लं. भोंग्याही म्हणाला, खाल्लं असेल. सिलिंडर रिकामा की खोली रिकामी, काना की वेलांटी, एवढाच प्रश्न; आणि त्या वेलांटीला एक जिता माणूस टांगला गेला.

"काका, उद्या हाच धडा सांगणार ना?"

"तुझ्या बाबांनी काही खाल्लं नव्हतं," साहेब म्हणाले. मग भोंग्याकडे वळले. "तू 'रिकामा' म्हणालास. स्वच्छ. मला ऐकू आलं होतं."

लेकीने हातातला रिमोट खाली ठेवला.

"शेजारी खिडक्या-खिडक्यांतून लोक हात हलवत होते. तुझ्याकडे माणसं पाठवली असती तर तिकडे कमी पडली असती. 'रिकामी' असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं. आणि मग तेच ऐकलं, असं मी म्हणालो. आधी तेव्हा, मग चौकशीत."

"वाचले ना ते लोक," भोंग्या म्हणाला. थांबला. हवा गोळा केली. "तेव्हाच सांगितलं असतंत, तर मीच म्हणालो असतो, बरं केलंत साहेब. आपलं कामच ते." पुन्हा थांबला. "पण माझी जीभ कशाला बदनाम केलीत? वॉकीटॉकीवर शब्द दोनदा म्हणायची सवय अशी, की घरात पाणी मागायचं तरी दोनदा मागतो मी. पाणी. पाणी. हिची आई म्हणायची, अहो, कळलं एकदा."

"मला माफ—"

"इथं नको. इथं ऐकणारी आम्ही दोघंच. उद्या तिथं बोला."

साहेब उठले. लेक दारापर्यंत आली. चपला घालताना त्यांचा तोल गेला, तेव्हा तिने हात धरून सावरलंही. पण काका म्हणाली नाही.

"उद्या मी पहिल्या रांगेत बसणार आहे, साहेब," एवढं बोलली, आणि दार लावून घेतलं.