दोनशेबारा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, कुदुस गावच्या जुन्या सिगारेट कारखान्याच्या मागच्या अंगणात आलात, तर मला पाहून तुम्ही मोडके कुंपण समजाल. गंजलेल्या उभ्या नळ्यांची लांब रांग आणि वर भोके पडलेला पत्रा, एवढेच माझे रूप उरले आहे. पण मी कुंपण नाही. मी सायकलींचा स्टँड आहे, आणि माझ्या अंगात एके काळी जे होते ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म १९७४ सालचा. बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलरमधून काढलेल्या नळ्यांपासून मला बनवले. दोनशेबारा जागा, प्रत्येक जागेला दोन उभ्या पोकळ नळ्या, त्यांच्या मध्ये सायकलचे पुढचे चाक. वेल्डरने नळ्यांची खालची टोके सिमेंटमध्ये गाडली आणि वरची टोके लोखंडी चकत्या बसवून बंद केली. शेवटच्या नळीपाशी एक चकती कमी पडली. "उद्या आणून बसवतो," असे म्हणून तो गेला आणि परत आला नाही. माझी शेवटची नळी उघडीच राहिली. रखवालदाराच्या बाकापासून ती दोन हातांवर होती.

माझ्या आधी कामाला येणाऱ्या बायका सायकली भिंतीला टेकवून ठेवत. त्या पडत, ऊन खात, पंक्चर होत. मी आल्यावर डोक्यावर छप्पर आले. बाकाशेजारी साखळीने बांधलेला हवेचा पंप आला, पंक्चरचे सामान आले, हात धुवायला नळ आला. लवंग घातलेल्या सिगारेटी वळून बायकांच्या हातांना लवंगेच्या तेलाचा वास लागायचा. कितीही धुतले तरी तो जात नसे. संध्याकाळी दोनशे हँडलांना तोच वास असे.

रखवालदाराचे नाव कास्दी. सगळ्या जणी त्याला लिक म्हणत, म्हणजे काका. पहिली काही वर्षे तो चेहरे ओळखून सायकली देत असे. मग १९८० साली एक माणूस आला, "बहिणीची सायकल न्यायला आलोय," म्हणाला आणि घेऊन गेला. त्या बाईला भाऊच नव्हता. त्यानंतर कास्दीने पत्र्याचे बिल्ले करून घेतले, प्रत्येक नंबराचे दोन. एक हँडलला अडकवायचा, दुसरा मालकिणीच्या हाती द्यायचा. बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल हलायची नाही.

"लिक, घरी बायकोलाही बिल्ला दिलाय का हो?" तुकिरा नावाची एक बाई रोज विचारायची.

"दिलाय. म्हणून तर अजून माझ्याकडेच आहे."

"बघा हं, एखाद्या दिवशी तीच तुम्हाला विचारेल बिल्ला!"

अकरा वर्षांत एकही सायकल हरवली नाही. ईदच्या आधीच्या मेळाव्यात साहेबांनी कास्दीला नवी लुंगी देऊन त्याचे कौतुक केले. माझेही केले. मला ते आवडले होते, हे कबूल करतो.

दोनशेबाराव्या जागेवर वारसिनीची सायकल असे. हिरव्या रंगाची लेडीज सायकल, मागे वेताची टोपली. वारसिनी सिगारेटी वळायची, तुकिरा त्यांची टोके कातरायची. दोघींची जोडी सतरा वर्षांची. १९९१ साली फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी वारसिनी सायकल लावायला वाकली. ओढणीच्या टोकाची गाठ सुटली आणि तिचा बिल्ला माझ्या उघड्या नळीत पडला. अगदी तळाशी गेला. तिने ऐकले नाही. मी ऐकले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ती आतून बाहेर आली. डावा हात उजव्या हाताने धरलेला होता. कास्दी बाकावर बसून तारेत बिल्ले ओवत होता.

"लिक, सायकल द्या. बरं वाटत नाही. दवाखान्यात जाऊन येते."

"बिल्ला?" त्याने मान वर केली नाही.

"ओढणीला बांधला होता. पडला वाटतं कुठेतरी."

"आत पडला असेल. बघून या, यू." मोठ्या बहिणीला यू म्हणतात. तो नेहमी आदरानेच बोलायचा.

ती आत गेली आणि परत आली. "नाही सापडत. तुकिरानं बाकाखाली झाडूनसुद्धा बघितलं."

"पुन्हा बघा. तंबाखूत गेला असेल."

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. "सतरा वर्षं बघताय ना मला, लिक?"

"बघतोय म्हणूनच सांगतोय. आज तुम्हाला सोडलं, तर उद्या बाकीच्या दोनशे जणी हेच म्हणतील."

वारसिनीने माझ्या उघड्या नळीवर तळहात टेकला. हात गार होता. बिल्ला त्या हाताच्या बरोबर खाली होता. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

"असू दे. चालत जाते."

"उद्या बिल्ला आणा. तोवर सायकल पुसून ठेवतो," कास्दी म्हणाला. आणि त्याने ती खरेच पुसली.

दवाखाना तीन किलोमीटरवर होता. ती दोन किलोमीटर चालली आणि कालव्याच्या पुलापाशी पडली. सायकल असती तर ती वाचली असती का, हे मला सांगता येत नाही. कास्दीलाही सांगता येत नव्हते.

ती गेल्यानंतर आठव्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या शेवटच्या नळीत आवाज झाला. टक. टक. टक. वारा नव्हता. बायका सगळ्या आत होत्या. अंगणात दोनशेबारा सायकली आणि एक माणूस, बाकी कोणी नाही. बिल्ला नळीच्या आतल्या बाजूवर आपटत होता. त्याला कोण आपटत होते, हे मला विचारू नका. नळी माझी आहे, तरी मला ठाऊक नाही. तीन ठोके व्हायचे, आत जाऊन परत यायला लागेल एवढा वेळ जायचा, पुन्हा तीन. असे तीनदा. मग शांतता. हे रोज झाले.

कास्दी त्या वेळी बिल्ले ओवायचे थांबवायचा आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसायचा. तो माझ्याकडे कधी वळला नाही.

आणखी एक गोष्ट घडली. उभी राहिलेली सायकल महिनाभरात चाकांची हवा सोडते. मी शेकडो सायकली सांभाळल्या, मला हे माहीत आहे. वारसिनीच्या सायकलची हवा गेली नाही. सहा महिन्यांनी नाही, वर्षानेही नाही. तुकिराने एकदा टायर दाबून पाहिले आणि हात झटकन मागे घेतला.

"लिक, तुम्ही भरता का हवा?"

"नाही."

"खरं सांगा हं. चेष्टा नको."

"नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या पाच जागा रिकाम्या राहू लागल्या. गुरुवारी कोणीतरी सीटवर फुलांच्या पाकळ्या ठेवून जाई. साहेब म्हणाले, "ती सायकल घरी पोचवा एकदाची." कास्दी म्हणाला, "बिल्ला येईल तेव्हा जाईल." साहेबांनी वाद घातला नाही. स्टँड कास्दीचा, नियम कास्दीचा, असे सगळेच मानत.

तिसऱ्या वर्षी वारसिनीची मुलगी लास्मी अठरा वर्षांची झाली आणि आईच्या बाकावर कामाला बसली. तिचे गाव नऊ किलोमीटरवर. दुसरी सायकल घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ती चालत यायची. महिनाभरात तिला दोनदा उशीर झाला. तिसऱ्या उशिराला जागा जाते, आणि त्या जागेसाठी फाटकाबाहेर बायका उभ्याच असत.

नोव्हेंबर महिन्यात एके दिवशी अकराच्या पुढे ती बाहेर आली. हातात केळीच्या पानात बांधलेला भात होता.

"लिक, आज आईचा हजारावा दिवस. संध्याकाळी घरी जेवण आहे, पण स्टँड सोडून तुम्ही येणार नाही हे माहीत आहे. म्हणून आधीच आणलं. म्हशीचं मटण आहे, आजीनं केलंय."

कास्दीने पुडके घेतले आणि बाकावर ठेवले.

"आणि सायकल द्या. उद्या उशीर झाला तर माझी जागा जाईल. आजी म्हणते, आजच्यानंतर आई कायमची जाते. तिचं काही अडकून राहिलं, तर जाता येत नाही."

"बिल्ला नाही, पोरी."

"सायकल माझ्या आईची आहे, हे तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग काय अडचण आहे? माझं तोंड बघा ना! सगळे म्हणतात, आईसारखंच आहे."

कास्दीने वर पाहिले. मी त्याला इतका वेळ कोणाच्या चेहऱ्याकडे पाहताना कधी पाहिले नव्हते.

"आज बिल्ल्याशिवाय दिली," तो म्हणाला, "तर त्या दिवशीही देता आली असती."

लास्मीला हे ठाऊक नव्हते. घरी सगळ्यांना वाटत होते, की वारसिनी आपणहून चालत निघाली.

"आईनं मागितली होती?"

"तीनदा."

तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली. टक. टक. टक.

लास्मीने माझ्या नळीवर हात ठेवला. जिथे आईने ठेवला होता तिथेच. "ह्याच्यात काय वाजतंय?"

"मलाही ऐकू येतं. रोज येतं."

"मग काढून बघितलं का नाही?"

कास्दी समोरच्या भिंतीकडे पाहू लागला. मधे आणखी तीन ठोके होऊन गेले. "असला तर?" तो म्हणाला. "माझ्यापासून दोन हातांवर असला तर, पोरी?"

लास्मीने वर्कशॉपमधून करवत आणली आणि त्याच्यापुढे धरली. तिसऱ्या वेळचे ठोके चालू असतानाच त्याने मला तळापाशी कापायला सुरुवात केली. पाते माझ्या अंगात शिरले, तसा आवाज थांबला. नळी बाजूला झाली आणि बिल्ला सिमेंटवर पडून गोल फिरत राहिला.

मित्रांनो, आतून मी पूर्ण गंजलेलो होतो. त्या अंधारात हजार दिवस पडलेला पत्रा काळा पडायला हवा होता. बिल्ला लख्ख होता. रोज हाताळलेल्या बिल्ल्याचे आकडे जसे झिजतात, तसे त्याचे आकडे झिजले होते. त्याला लवंगेच्या तेलाचा ताजा वास होता.

कास्दीने तो उचलला. हँडलचा बिल्ला काढून शेजारी धरला. नंबर मोठ्याने वाचला, नेहमीसारखा. "दोनशेबारा. दोनशेबारा. बरोबर आहे. जा घेऊन."

लास्मी सायकल घेऊन निघाली. बाकापासून फाटक चाळीस पावलांवर आहे. ती तिथे पोचेपर्यंत दोन्ही चाके बसली. हजार दिवस टिकलेली हवा चाळीस पावलांत गेली. तिला परत यावे लागले. कास्दी गुडघ्यांवर बसला आणि हवा भरू लागला. त्याला दम लागत होता. तिने पंप त्याच्या हातून घेतला नाही. हवा भरून झाल्यावर म्हणाली, "भात खाऊन घ्या, गार होईल." सायकल बाकाशेजारी लावून ती आत कामाला गेली. संध्याकाळी बिल्ला न दाखवता ती सायकल घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती सर्वांच्या आधी आली.

ठोके पुन्हा झाले नाहीत. कास्दी पुढेही बिल्ले मागायचा, पण मागताना मान वर करायचा. कोणाचा हरवला, तर तो आधी माझ्या नळ्यांपाशी वाकून पाहायचा आणि मग विचारायचा, "घरी जायची घाई आहे का?" घाई असली, तर सायकल मिळायची. त्यानंतरही एकही सायकल चोरीला गेली नाही.

पुढे मोटारसायकली आल्या. त्यांच्यासाठी पुढे सिमेंटचे मोठे आवार झाले. माझ्याकडे पन्नास सायकली राहिल्या, मग सात, मग एकही नाही. पंप साखळीसह कोणी नेला. कास्दी म्हातारा होऊन घरी बसला आणि एका सकाळी वारला. तो गेला त्याला आज आठशेबारा दिवस झाले.

दुपारच्या आधी, अंगणात कोणी नसताना, माझ्या पहिल्या जागेपाशी तारेत ओवलेल्या बिल्ल्यांचा आवाज येतो. तो एकेका जागेपाशी थांबतो. प्रत्येक नळीवर कोणीतरी बोट वाजवते आणि कान लावते. दोनशे अकरा जागा होतात. मग तो शेवटच्या जागेपाशी येतो, जिथे एका नळीचा आता फक्त कापलेला बुंधा आहे, आणि तिथे फार वेळ थांबतो. नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तो शोधतो आहे. बिल्ला सापडला होता, हे त्याला आठवत नसावे.

भंगारवाला मागच्या आठवड्यात मला मोजून गेला. पुढच्या महिन्यात मला कापून नेणार आहेत. मी लोखंड आहे, माझे काही म्हणणे नाही. पण त्याच्या हजाराव्या दिवसाला अजून एकशेअठ्ठ्याऐंशी दिवस बाकी आहेत. कापणाऱ्यांना सांगा, तेवढे थांबता आले, तर थांबा. मी नसलो तर तो कुठे शोधणार?

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी कशाच्या तरी किल्ल्या येतील. नियम जरूर पाळा. फक्त मागताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. आणि दुपारच्या आधी या अंगणातून जाणार असाल, तर माझ्या शेवटच्या जागेपाशी क्षणभर उभे राहा. भिऊ नका. मोठ्याने एवढेच म्हणा, "सापडला, लिक. ती केव्हाच गेली घरी."